शिल्पकाराचं घर जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

टोकियोच्या निप्पोरी स्थानकातून पश्चिमेच्या बाजूला बाहेर पडून गोतेनझाकाचा चढ चढायचा. 'युयाके दानदान' या प्रसिद्ध पायऱ्या लागायच्या आत डावीकडे वळलं, की एक काळसर काँक्रीटची इमारत दिसते. गच्चीच्या कडेवरून एक ब्राँझची आकृती खाली रस्त्याकडे बघत असते. स्थानकापासून इथवर पाचेक मिनिटांची चाल आहे. हे असाकुरा चोसोकान, म्हणजे असाकुरा शिल्पसंग्रहालय. आधुनिक जपानी शिल्पकलेतलं मोठं नाव असलेले असाकुरा फुमिओ (१८८३–१९६४) यांचं हे राहतं घर, कार्यशाळा आणि शाळाही. १९०७ साली कलाशाळेतून बाहेर पडताच त्यांनी यानाका भागात बस्तान बसवलं आणि मरेपर्यंत ते तिथेच राहिले. आजची वास्तू त्यांनी स्वतः आखून १९३५ साली पुरी केली. ते गेल्यावर तीन वर्षांनी, १९६७ साली, कुटुंबाने ती लोकांसाठी खुली केली. १९८६ साली ती तैतो या टोकियोच्या प्रभाग-प्रशासनाकडे गेली आणि आजही त्याच्याकडेच आहे.

अशा घरांबद्दल सगळीकडे एक प्रश्न उभा राहतो. जुनं घर सांभाळणं खर्चाचं असतं. गळती, वाळवी, भूकंप, वीज, पहारा यांना अंत नसतो. मग चांगली पाच-पंचवीस शिल्पं उचलून मोठ्या संग्रहालयात का ठेवू नयेत? तिथे हवा नियंत्रित असते, उद्वाहन असतं, गर्दीही जास्त येते. म्हणणं शहाणपणाचं वाटतं, पण आम्हाला ते साफ चुकीचं वाटतं. त्यात शिल्प म्हणजे फक्त तयार पुतळा असं गृहीत धरलेलं असतं, आणि पुतळा कसा तयार होतो हे माहीत असलेला माणूस असं गृहीत धरणार नाही.

या संग्रहालयाच्या नावातच त्याचं उत्तर आहे. 'चोसो' हा शब्द दोन अक्षरांचा. 'चो' म्हणजे कोरणं: लाकडातून, दगडातून नको ते काढून टाकणं. 'सो' म्हणजे चढवणं: मातीवर माती लावत आकार वाढवत नेणं. असाकुरा हे दुसऱ्या प्रकारचे, मातीचे शिल्पकार. कोरणाऱ्याच्या हाती काम संपल्यावर तोच दगड उरतो. मातीवाल्याच्या हाती मात्र मातीतलं मूळ काम उरतच नाही.

मातीचं शिल्प प्लास्टरमध्ये कसं उतरतं ते नीट पाहू. आधी लोखंडी सळ्या, लाकूड आणि सुंभ यांचं आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, उभं राहतं. त्यावर माती चढते. काम महिनोन्‌महिने चालतं आणि तेवढे दिवस ओली फडकी गुंडाळून माती ओलसर ठेवावी लागते. एकदा वाळली की ती आकसते, पण आतली सळई आकसत नाही, म्हणून भेगा जातात. काम पुरं झालं की शिल्पाचे भाग ठरवून पत्र्याच्या पातळ पट्ट्या मातीत रोवतात. मग प्लास्टरचा पहिला हात मारतात, तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि मुद्दाम थोडा रंग घातलेला. त्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा जाड थर, आत ताग किंवा काथ्या आणि सळ्या. तो घट्ट झाला की पट्ट्यांच्या रेषेवर साचा उघडतात आणि आतली माती खरवडून काढतात. शिल्पकाराने महिनोन्‌महिने घडवलेली माती इथे अर्ध्या दिवसात चिखलाचा ढीग होते.

मग साचा धुऊन आत साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात देतात, म्हणजे नवं प्लास्टर जुन्याला चिकटत नाही. त्यात नवं प्लास्टर तागासकट भरून साचा पुन्हा जोडतात. ते घट्ट झाल्यावर छिन्नी-हातोडीने साचा फोडत जातात. पांढरा थर संपून रंगीत कपची निघाली, की कारागीर हात हलका करतो, कारण आता शिल्पाची कातडी पाच मिलिमीटरवर आलेली असते. याला वेस्ट मोल्ड म्हणतात आणि तो एकदाच वापरता येतो. माती गेली, साचाही गेला. शिल्पकाराच्या बोटांचा दाब, कोरणीची ओढ, अंगठ्याने सारवलेला गाल हे सगळं ज्यात उतरलं असं एकच प्लास्टर उरतं. ब्राँझ त्यानंतर, दुसऱ्याच्या भट्टीत, ओताऱ्याच्या हातून होतं.

म्हणूनच 'मूळ शिल्प कुठलं' या प्रश्नाचं जपानने दिलेलं उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. असाकुरांचं १९१० सालचं 'हाकामोरी', म्हणजे स्मशानरक्षक, हे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. शेजारच्या तेन्नोजी मंदिराच्या दफनभूमीवर राखण करणारा म्हातारा त्यांनी समोर ठेवला होता. त्याला अवघडून उभं करण्याऐवजी घरातल्या माणसांचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, डाव मांडला आणि तो बघताना म्हातारा जसा खुशीत उभा राहिला तसाच मातीत घेतला. या शिल्पाचे ब्राँझमधले ओतीव नमुनेही आहेत. पण २००१ साली 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती' हा सरकारी दर्जा मिळाला तो त्याच्या प्लास्टरच्या मूळ प्रतीला. ब्राँझपेक्षा कितीतरी नाजूक, डागाळणाऱ्या, बाजारात स्वस्त मानल्या जाणाऱ्या वस्तूला राष्ट्राने मूळ कलाकृती म्हटलं. पुतळ्याच्या उद्‌घाटनानंतर प्लास्टर कोपऱ्यात टाकून देणाऱ्यांनी या निर्णयाचा अर्थ लक्षात घ्यावा.

असं प्लास्टर किती कामाला येतं हे जपानला युद्धाने शिकवलं. १९४१ साली तिथे धातू जमा करण्याचा हुकूम निघाला आणि चौकाचौकातले ब्राँझचे पुतळे शस्त्रांच्या कारखान्याकडे गेले. असाकुरांचे कितीतरी पुतळे त्यात वितळले. प्लास्टरचा लष्कराला काहीच उपयोग नव्हता, म्हणून यानाकाच्या कार्यशाळेत ठेवलेल्या मूळ प्रती राहिल्या. त्या शिल्पकाराच्याच छताखाली होत्या आणि त्या छताखाली काम माहीत असलेली माणसं होती, म्हणूनही राहिल्या. शिबुया स्थानकाबाहेरच्या हाचिको कुत्र्याचं उदाहरण घ्या. अंदो तेरू यांनी घडवलेला १९३४ सालचा पुतळा युद्धात वितळवला गेला. अंदो स्वतः मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात मारले गेले. आज लोक ज्याच्यापाशी भेटायची वेळ ठरवतात तो पुतळा त्यांच्या मुलाने १९४८ साली नव्याने घडवलेला आहे. मुलाने निष्ठेने काम केलं, पण मूळ हात परत आला नाही.

कुणी म्हणेल, ब्राँझ असलं की झालं, गरज पडली तर त्यावरूनच दुसरा साचा काढू. काढता येतो, पण वितळलेलं ब्राँझ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. पावणेदोन मीटरची आकृती प्रत्येक पिढीला अडीच सेंटिमीटरने बुटकी होते. उंचीचं एक वेळ चालेल, पण नाकपुडीची कड, पापणीखालची खाच, नखाएवढी सुरकुती प्रत्येक साच्यात थोडी बुजत जाते. तिसऱ्या पिढीचा पुतळा जवळून पाहिला तर साबणाची वडी दोन दिवस वापरावी तसा दिसतो. शिवाय शिल्पकार गेल्यावर किती प्रती ओतायच्या, कुणी ओतायच्या, त्यावर तारीख कुठली घालायची, हे प्रश्न प्लास्टर ज्याच्या ताब्यात त्याच्यापाशी येतात. फ्रान्समध्ये मूळ मानल्या जाणाऱ्या ओतीव प्रती जास्तीत जास्त १२ असा नियम आहे. प्लास्टर बेवारस पडलं तर असा नियम असूनही पाळणार कोण?

आता जागेकडे वळू. असाकुरांच्या कार्यशाळेचं छत ८.५ मीटर उंच आहे. भिंती छताला मिळतात तिथे काटकोन नाही, गोलाई आहे. कोपरा असला की तिथे अंधार साचतो आणि उजेडाला कडा येते. इथे उंच खिडक्यांतून आलेला दिवसाचा उजेड गोलाईवरून घरंगळत खाली पसरतो. मातीत काम करणाऱ्याला हा उजेड मापाच्या पट्टीइतकाच लागतो, कारण गालाचा उंचवटा तो सावलीवरून जोखतो. हेच शिल्प वरून मारलेल्या पिवळ्या दिव्याखाली ठेवा. भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाखाली काळा डाग दिसतो आणि म्हाताऱ्याचं हसू पुसलं जातं. मोठ्या संग्रहालयात उत्तम दिवे असतील, पण हे काम ज्या उजेडात तोललं गेलं तो उजेड तिथे नेता येत नाही.

सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट पायाखाली आहे. जमिनीत विजेवर चालणारा मंच बसवलेला आहे आणि शिल्प त्यावर उभं करून सुमारे सात मीटर खाली नेता येत असे. शिल्पकाराने परांचीवर चढायचं नाही, पुतळ्यानेच खाली जायचं. हे महत्त्वाचं का? परांचीवर उभं राहिलं की डोळा मातीपासून हातभर अंतरावर असतो. खांदा बरोबर वाटतो, कानही बरोबर वाटतो. खाली उतरून दहा मीटर मागे गेलं की कळतं, डोकं लहान दिसतंय. पुन्हा चढायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा उतरायचं. दिवसातून वीस वेळा अशी चढउतार केल्यावर उतरायचा कंटाळा येतो आणि तिथेच मोठ्या पुतळ्यांचं प्रमाण बिघडतं. असाकुरा डोकं घडवताना मंच खाली घेत आणि रस्त्यावरच्या माणसाला ते कसं दिसेल हे बघायला वर घेत. कार्यशाळेत परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो यांचा ३.७८ मीटर उंचीचा पुतळा आहे. कोमुरा प्रत्यक्षात अगदी ठेंगणे होते. उंची दुप्पट झाली की माती आठपट लागते. माणसाच्या शरीराचं आकारमान साधारण ७० लिटर धरलं, तर दुप्पट उंचीच्या पुतळ्याला साडेपाचशे लिटरच्या वर माती हवी, म्हणजे टनभर वजन, आणि कोट-चबुतरा वेगळा. एवढा ओला भार उचलणारा मंच त्या काळी घरात बसवणं हा शिल्पाइतकाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. 'हाकामोरी' उचलून दुसरीकडे नेता येईल, हा खड्डा नेता येणार नाही.

कार्यशाळेला चिकटूनच लाकडी, जपानी पद्धतीचं राहतं घर आहे आणि मधोमध पाण्याची बाग. बागेतले पाच मोठे दगड कन्फ्यूशियसच्या पाच सद्‌गुणांसाठी ठेवलेले आहेत. झाडं बहुतेक पांढऱ्या फुलांची. गच्चीवर मळा आहे आणि तो हौसेचा नव्हता. असाकुरांच्या शाळेत विद्यार्थ्यांना बागकाम सक्तीचं होतं. माती हातात खेळवल्याशिवाय मातीत काम येणार नाही, असं त्यामागचं म्हणणं. अभ्यासिकेत छतापर्यंत पुस्तकं आहेत. त्यातला मोठा भाग त्यांचे गुरू, कलासमीक्षक इवामुरा तोरु यांचा. संग्रह विखरू नये म्हणून असाकुरांनी तो विकत घेऊन ठेवला. जपणुकीची ही वृत्ती घरातच होती, हे इथे नोंदवायला हवं. ऑर्किडसाठी बांधलेल्या खोलीत आता मांजरांची शिल्पं आहेत. घरात एका वेळी दहाहून जास्त मांजरं असत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी १०० मांजरशिल्पांचं प्रदर्शन भरवायचा त्यांचा बेत होता, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले.

भेट द्यायची असेल तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. सोमवारी आणि गुरुवारी बंद. वेळ साडेनऊ ते साडेचार, शेवटचा प्रवेश चारला. तिकीट प्रौढांना ५०० येन, शाळकरी मुलांना २५०. दारातच बूट काढायचे आणि दिलेल्या पिशवीत घालून सोबत न्यायचे. अनवाणी आत सोडत नाहीत, मोजे हवेतच. उन्हाळ्यात चपला घालून गेलेला माणूस इथे हमखास अडतो, म्हणून मोज्यांचा एक जोड जवळ ठेवावा. पावसात गच्ची बंद असते. शक्यतो निरभ्र दिवशी, सकाळीच जावं, कारण कार्यशाळा दिवसाच्या उजेडासाठीच बांधलेली आहे. दीड तास हाताशी असू द्यावा.

या नियमांना कटकट म्हणणाऱ्यांनी प्लास्टरचा गुणधर्म लक्षात घ्यावा. प्लास्टर म्हणजे जिप्सम. खनिजांच्या काठिण्याच्या पट्टीवर त्याचा क्रमांक दोन, आणि आपलं नख अडीच. म्हणजे पुतळ्यावर नुसतं नख ओढलं तरी ओरखडा उठतो आणि पाठीवरच्या पिशवीच्या बक्कलने खळगा पडतो. ते सच्छिद्र असल्याने बोटांचं तेल आत मुरतं आणि काही वर्षांत तिथे पिवळट डाग दिसतो. तो डाग धुवायलाही येत नाही, कारण एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम जिप्सम विरघळतं. ओल्या फडक्याने पुसलं की डागाबरोबर शिल्पाची कातडीही जाते. मऊ ब्रशने धूळ झाडणं, एवढीच नेहमीची सफाई शक्य असते. बुटांचं तर उघड आहे. तळव्यातली रेती लाकडी फरशीवर पॉलिशपेपरसारखी फिरते. रांग लावणं, आतली माणसं मोजणं, मोजे घालायला लावणं या सगळ्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. जिने असलेल्या जुन्या घरात चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सगळीकडे जाता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर 'हात लावू नका' म्हणजे 'येऊ नका'च. शिल्प ही स्पर्शाची कला आहे, तिने अशा माणसाला दाराबाहेर ठेवावं हे आम्हाला बोचतं. उपाय जिने तोडण्यात नाही. निवडक प्लास्टरांचं त्रिमितीय स्कॅनिंग करून राळेच्या पक्क्या प्रती काढाव्यात, त्या तळमजल्यावर छातीच्या उंचीला ठेवाव्यात आणि प्रत्येकाला मनसोक्त चाचपू द्याव्यात. सोबत वेस्ट मोल्डचे चार टप्पे हाताळता येतील असे मांडावेत. स्कॅनिंगमध्ये मूळ प्लास्टरला स्पर्शही होत नाही, सिलिकॉनच्या साच्यात तो धोका असतो. अशा संग्रहालयांना मिळणाऱ्या पैशातला पहिला वाटा इथे जावा असं आमचं मत आहे.

पैशाचं गणितही स्पष्ट मांडलं पाहिजे. ही वास्तू २००९ पासून दुरुस्तीसाठी बंद होती आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पुन्हा उघडली. एवढ्या काळात भूकंपाविरुद्धचं मजबुतीकरण आणि जुन्या रूपात परत आणण्याची कामं झाली. ५०० येनांच्या तिकिटातून असली दुरुस्ती कधीच निघत नाही, आणि निघावी अशी अपेक्षाही ठेवू नये. कुटुंब किती चिवट असलं तरी त्याच्या आवाक्यातलं हे काम नाही. असाकुरा कुटुंबाने १९ वर्षं घर खुलं ठेवलं आणि मग प्रभागाच्या हाती दिलं. राष्ट्रीय संग्रहालयाने नव्हे, प्रभागाने ते स्वीकारलं, हे आम्हाला विशेष वाटतं. गल्ली ज्यांची, बाग ज्यांच्या शेजारी, त्यांच्याच प्रशासनाने जबाबदारी घेतली. पुढे २००८ साली केंद्र सरकारने बागेला 'निसर्गरम्य स्थळ' म्हणून संरक्षण दिलं. स्थानिक सांभाळ आणि केंद्राचा कायदा अशी ही जोडी आहे.

मराठी वाचकाला या जागी अलिबागजवळचं सासवणे आठवल्यावाचून राहणार नाही. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे असाकुरांपेक्षा आठ वर्षांनी लहान, तेही मातीतून घडवणारे, वास्तववादी घडणीचे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरात आणि अंगणात कुटुंबाने त्यांची शिल्पं जपली आहेत. मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरलं की पुढे रस्त्याने थोडंसंच अंतर. यानाकात धोका भूकंपाचा, इथे समुद्राचा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ सिमेंटच्या शिल्पांच्या बारीक छिद्रांतून आत शिरतं, आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि आतून दाब येऊन सिमेंट फुटतं. वरून भेग बुजवून रंग मारला तर ओल आतच कोंडते आणि गंज अधिक जोरात चालतो. उघडायचं, गंज साफ करायचा, सळईला रोधक लावायचं, मगच बुजवायचं. हे जाणकाराचं आणि दर काही वर्षांनी पुन्हा करायचं काम आहे. एका घराने ते किती पिढ्या करावं? करमरकरांचं घर घरच राहावं, शिल्पं तिथून हलू नयेत, पण देखभालीचा कायमचा खर्च जिल्हा परिषदेने आणि राज्याने मिळून उचलावा, असं आम्ही आग्रहाने म्हणतो.

आणि नव्या पुतळ्यांचं काय? महाराष्ट्रात सार्वजनिक पुतळ्यांवर पैसा कमी खर्च होत नाही. निविदेत चबुतऱ्याच्या ग्रॅनाइटची जाडी लिहितात. त्याच निविदेत आणखी तीन ओळी याव्यात. अंतिम मूळ प्रत, मग ती प्लास्टरची असो वा फायबरची, ओतकामानंतर फोडू नये. आतल्या सांगाड्याचा आराखडा मापांसह जमा करावा. मूळ प्रतीचं स्कॅन सार्वजनिक संस्थेकडे राहावं. पुढे पुतळ्याला तडा गेला, हात तुटला, वाऱ्याचा दाब मोजायची वेळ आली, तर दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजाने काम करावं लागणार नाही.

कुणाच्या माळ्यावर आजोबांचं किंवा गुरुजींचं प्लास्टर पडलेलं असेल, तर सरकारची वाट न बघता आजच बरंच करता येतं. जमिनीवरून उचलून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच लाकडी पट्ट्यांवर ठेवा, पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं आणि सळई गंजून तपकिरी डाग फुटतात. त्याऐवजी जुनं धुतलेलं धोतर किंवा सुती चादर सैल पांघरा. तेलरंग मारू नका, बाजारातल्या पीओपीने नाक जोडू नका. तुटलेला तुकडा डबीत ठेवून डबीवर कुठला ते लिहा. खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी उभी करून, आठही बाजूंनी फोटो काढा. मग दोघांनी मिळून ते सावकाश कलतं करून तळ आणि पाठीची आतली बाजू विजेरीने बघा. बोटाने ओढलेली सही, तारीख, कधी ओताऱ्यासाठी लिहिलेली सूचना अनेकदा तिथेच असते.